आडोसा नसलेला मुलूख

“तिथं निस्तं डोंगरच हायेत, का आणखी बी काय हाय?” निमोण्याच्या एका आबांनी माझ्या टेबलासमोर बसून विचारलं होतं. मी म्हणाले, “नुसते डोंगरच आहेत, आबा.” त्यांनी जरा वेळ भिंतीवरच्या नकाशाकडे बघितलं आणि म्हणाले, “मग लिवा दोघांची नावं. देवळं लई झाली.”

मी दौंडहून हिमालयात माणसं नेते. जून ते सप्टेंबर, चार-पाच खेपा. या वर्षी अठरा वर्षं होतील. बाजारपेठेत एक गाळा आहे, त्यात टेबल, कपाट आणि तो नकाशा. वडील रेल्वेत गार्ड होते, त्यामुळे गाड्यांची वेळापत्रकं मला पाढ्यांच्या आधी पाठ झाली. दिल्लीच्या गाड्या मनमाडकडे वळण्याआधी दौंडला थांबतात, म्हणून धंदाही इथेच मांडला. गिऱ्हाईक शिरूर आणि दौंड तालुक्यातलं: ऊसवाले, दूधवाले, निवृत्त मास्तर, रेल्वेचे पेन्शनर. ही माणसं प्रश्न फार विचारतात. मला ते चालतं. निमोण्याचे ते आबा तर प्रत्येक गावात “हितं एकर कसा?” असं विचारत फिरले. पंधरा हजार फुटांवरच्या खिंडीतही त्यांनी विचारलं. तिथे बारा महिने राहणारा एकही माणूस नाही.

डोंगर दाखवायला माणूस लागत नाही, ते आपले आपण दिसतात. माझं काम लोकांना हळूहळू वर चढवण्याचं. आपलं दौंड सतराशे फुटांच्या आसपास. हिमाचलमधल्या स्पिती खोऱ्याचं मुख्य गाव काझा बारा हजारांवर. मनालीकडून एका दिवसात तिथे पोचता येतं आणि पुष्कळ जण तसं नेतातही. मी शिमल्याच्या बाजूने, सतलजच्या कडेकडेने, किन्नौरमध्ये मुक्काम करत पाच दिवसांनी पोचते. मनालीची वाट फक्त उतरताना वापरते. वर हवा विरळ असते. शरीराला तिची सवय रोज थोडी थोडी करावी लागते. घाई केली की डोकं धरतं, मळमळतं, मग पाय वाकडे पडायला लागतात, आणि त्यानंतर हातात फार वेळ उरत नाही. यावर खरा उपाय एकच, माणसाला खाली उतरवणं. गोळ्या आणि ऑक्सिजनचं नळकांडं हे खाली पोचेपर्यंतचे टेकू. म्हणून गाडीत बसतानाच सांगते: सावकाश चाला, दिवसाला तीन-चार लिटर पाणी प्या, आणि काही दुखलं तर लपवू नका.

एवढं सांगूनही माझ्या गाडीत एकदा एक बाई दोन दिवस जवळजवळ पाण्याविना बसली होती. ती गोष्ट सांगायची आहे.

खुटबावची एकाच भावकीतली सोळा माणसं होती. सगळ्यांत वडील आप्पा. सत्तरीचे, उंच, पांढरी टोपी, उसाचे जुने बागायतदार. सोसायटीच्या निवडणुकीत दोन्ही पॅनेल त्यांना विचारून उमेदवार ठरवतात, असा त्यांचा दरारा. बरोबर त्यांच्या पत्नी इंदूआक्का आणि धाकटी भावजय शकुंतलाकाकी. काकींचे मालक गुरांमुळे घरी राहिले होते. काकी साठीला आलेल्या, काटक, बोलायला पटाईत. पाच वर्षं ग्रामपंचायतीच्या सदस्य होत्या आणि ग्रामसेवकाला घाम फोडत, असं इंदूआक्कांनीच मला कौतुकाने सांगितलं. पण थोरल्या दिरासमोर आल्या की डोक्यावरचा पदर पुढे यायचा आणि आवाज बंद. आप्पांना काही सांगायचं असेल तर इंदूआक्कांच्या कानात सांगायचं: “त्यांना म्हणावं, टोपी सांडली.” आप्पाही भावजयीचं नाव घेऊन कधी बोलत नसत. लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली होती, तरी हेच.

सतरा सीटची टेम्पो ट्रॅव्हलर होती. चालक दोरजे, तिकडचाच, बोलायला कमी आणि ब्रेक लावायला त्याहून कमी. आप्पा त्याच्या शेजारच्या सीटवर. भावकी एकत्र असली की सोपं जातं असं मला तेव्हा वाटायचं. कुणी हरवत नाही, कुणी रुसत नाही.

किन्नौरपर्यंत देवदार, सफरचंदाच्या बागा, वळणावळणाला ढाबा. मग सतलज सोडून स्पिती नदीच्या खोऱ्यात शिरलो की अर्ध्या दिवसात झाडं संपतात. हे इतकं अचानक होतं की गाडीतलं बोलणं थांबतं. दोन्ही बाजूंना उघडे डोंगर, कुठे गेरूसारखे, कुठे राखेसारखे, कुठे वांगी रंगाचे. डोंगरांचा नुसता चुरा होऊन खाली ओघळत असतो, त्या ओघळांवर अजून गवताचं पातंही धरलेलं नाही. मध्ये नदी एवढ्या रुंद पात्रात दहा-बारा धारांनी वेगवेगळी चाललेली. आणि या सगळ्याच्या वर, मान मोडेल इतक्या उंचीवर, बर्फ.

“हितं पाऊस का न्हाई?” सुनीलने विचारलं. सुनील आप्पांचा पुतण्या, पस्तिशीचा, ट्रॅक्टरचा धंदा. या प्रश्नाची मी वाटच बघत असते, कारण याचं उत्तर माझ्या गिऱ्हाइकांना जितकं चटकन कळतं तितकं शहरातल्या माणसाला कळत नाही.

मी म्हणाले, “लोणावळ्याला धो धो पडतो आणि खुटबावला येईपर्यंत ढग रिकामे होतात, ते का?”

“सह्याद्री अडवितो की.”

“इथे हिमालय अडवतो. आपण सह्याद्रीच्या पाठीमागे, हे हिमालयाच्या पाठीमागे.”

“मंजी हे बी आपल्यासारखंच दुष्काळी,” सुनील म्हणाला. “फकस्त भिंत मोठी.”

ताबोजवळ आप्पांनी गाडी थांबवायला लावली. रस्त्याखाली मटाराचं शेत होतं, हिरवंगार, उघड्या डोंगराच्या पायाशी रुमाल अंथरल्यासारखं. आप्पा बांधावर उकिडवे बसले, मूठभर माती घेऊन दाबून बघितली. शेतात एक बाई पाणी धरत होती. आप्पांच्या मोडक्या हिंदीत आणि तिच्या मोडक्या हिंदीत अर्धा तास बोलणं झालं. वरचं बर्फ वितळतं, त्याचं पाणी पाटाने मैलोगणती गावात आणतात, आणि घरटी पाळी लावलेली असते. आपल्याकडे कालव्याचं आवर्तन सुटलं की असते तशीच. पाळीवरून भांडणं होतात का, हे आप्पांनी खास विचारून घेतलं. होतात म्हटल्यावर त्यांना बरं वाटलं.

परत गाडीत बसताना म्हणाले, “मॅडम, ह्यांचं धरण डोक्यावर हाय, आन् आवर्तन सूर्य सोडतो.” अठरा वर्षांत त्या खोऱ्याचा भूगोल यापेक्षा नेमका मला कुणी सांगितलेला नाही. मी स्वतः तर नाहीच.

त्याच संध्याकाळी, ताबोच्या मुक्कामात, मी शकुंतलाकाकींना अंगणातल्या एका कोवळ्या झाडाच्या बुडाशी बाटली रिकामी करताना बघितलं. मला वाटलं, शेतकऱ्याच्या घरची बाई आहे, कोरड्या मुलखातलं झाड बघून जीव तुटला असेल. दुसऱ्या दिवशी काझ्यालाही तेच. रात्री जेवताना मी सगळ्यांच्या बाटल्या बघते. काकींच्या दोन्ही रिकाम्या. मी सगळ्यांसमोर म्हणाले, “बघा, काकींकडून शिका.” काकींनी पदर आणखी पुढे ओढला.

तिसऱ्या दिवशी कुंझुम खिंड ओलांडायची होती. खिंड पंधरा हजार फुटांवर; पलीकडे चंद्रा नदीच्या खोऱ्यात उतरून मनाली. खिंडीत उभं राहिलं की समोर हिमनद्यांची भिंत उघडते. लोक येतात ते त्यासाठी. आप्पांनी तर गावात सांगून ठेवलं होतं, की खिंडीतून बापूला, म्हणजे काकींच्या मालकांना, फोन लावणार. तिथे रेंज नसते हे मी सांगून बघितलं. ते म्हणाले, “मग निस्तं उभं ऱ्हाऊ.”

खिंडीच्या अलीकडे लोसर नावाचं शेवटचं गाव लागतं, साडेतेरा हजारांच्या जवळपास. तिथे चहाला उतरलो. काकी पायरीवरून उतरल्या आणि त्यांचा पाय बाजूला पडला. अडखळल्यासारखं दिसलं, पण तिथे अडखळायला काही नव्हतं. दोरजेनेही बघितलं. तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “मैडम, इनको ऊपर मत ले जाओ.”

याची एक परीक्षा असते. एका पावलाच्या अंगठ्याला दुसऱ्या पावलाची टाच लावत सरळ रेषेत चालायचं. मी जमिनीवर काठीने रेघ ओढली आणि म्हणाले, “काकी, बांधावरून चालल्यासारखं चाला.” जी बाई आयुष्यभर डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन वीतभर बांधावरून चालत आली, तिला चार पावलं सरळ टाकता आली नाहीत. पाचव्याला मी धरलं म्हणून पडल्या नाहीत. बोटाला यंत्र लावून बघितलं, ऑक्सिजनही बराच खाली गेलेला. ओठ भेगाळलेले, जीभ कोरडी ठक्क.

मी त्यांना आणि इंदूआक्कांना चहावाल्याच्या आतल्या खोलीत नेलं. “काकी, पाणी किती प्यालात?”

“पिते की.”

“खरं सांगा.”

इंदूआक्का म्हणाल्या, “बोल गं बाई. आता काय लपवायचं?”

“ताबो यायच्या आदीपासनं घोटघोटच,” काकी म्हणाल्या. बोलताना जीभ जड झालेली. “जास्त पिलं की जावं लागतं. थोरल्यांच्या म्होरं गाडी थांबवा कसं म्हणू? आन् थांबवली तरी जायाचं कुठं? झाड न्हाई, झुडूप न्हाई, दगडाची ताल न्हाई. निस्ती उघडी रानं.”

मी इतकी वर्षं लोकांना तो मुलूख कौतुकाने दाखवत आले होते: बघा, नजर कुठेही अडत नाही. नजर अडत नाही म्हणजे बाईला आडोसा नाही, हे मला, बाई असून, सांगावं लागलं. मी स्वतः पँट आणि लांब कुर्ता घालते, गाडी थांबली की मागे दोनशे पावलं चालत जाते, माझं भागतं. माझं भागतंय म्हणून मी पुढे विचार केला नव्हता. गाडी कुठे थांबवायची ते ढाब्यांच्या हिशोबाने ठरवलेलं, आणि स्पितीत दोन ढाब्यांमध्ये अडीच-तीन तास जातात. काकींचा दोष नव्हता. नियोजन माझं होतं.

“त्यांना सांगू नगा,” काकी म्हणाल्या. “डोकं दुखतंय म्हणा.”

“कारण सांगितल्याशिवाय ते गाडी फिरवू देणार नाहीत,” मी म्हणाले, आणि बाहेर आले.

खरी अडचण वाटेची होती. पुढे गेलं तर उतार आहे, पण आधी पंधरा हजारांपर्यंत चढायचं, आणि त्यानंतरही रस्ता इतका खराब की खालची हवा मिळायला संध्याकाळ होणार. मागे फिरलं तर दोन तासांवर काझा, तिथे डॉक्टर, आणि त्याहून खाली ताबो. गाडी एकच. काकींना खाली न्यायचं म्हणजे सोळाच्या सोळा जणांची खिंड गेली.

सुनील म्हणाला, “मॅडम, तासाभरात खिंड येतीया. नळकांडं लावा की. पुढं उतारच हाय.”

“तिथवर काकी जगल्या पाहिजेत,” मी म्हणाले. मग आप्पांना बाजूला घेतलं आणि सगळं सरळ सांगितलं. पाणी का प्याल्या नाहीत तेही. असं काही सांगताना आवाज खाली घेतला की समोरचा माणूस जास्त अवघडतो, असा माझा अनुभव आहे. म्हणून हवामान सांगावं तसं सांगितलं.

आप्पा खिंडीकडे बघत होते. टोपी काढून पुन्हा घातली. “माझ्यामुळं?” एवढंच विचारलं.

“तुमच्यामुळे आणि माझ्यामुळे.”

ते गाडीकडे गेले. “बसा रं समदी. माघारी जायाचं.”

“आप्पा, पर खिंड—”

“सुन्या, बस म्हणलं ना!”

मधल्या सीटची पाठ मागे पाडून काकींना टेकवलं, नाकाला ऑक्सिजन लावला, हातात मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली दिली. मी शेजारी बसले. “दर पाच मिनिटांनी दोन घोट.” काकी बाटली ओठाला लावत आणि खाली घेत. पाव तासाने मी बाटली बघितली. पाणी होतं तेवढंच. ओठ फक्त ओले करत होत्या. रागावले, समजावलं, इंदूआक्कांनी शपथ घातली. काकींनी डोळे मिटून घेतले. जीव जायची वेळ आली होती, तरी दोन तासांच्या उघड्या रस्त्याची भीती मरणापेक्षा मोठी होती.

तेवढ्यात पुढून आप्पांचा आवाज आला. “दोरजे, गाडी थांबवा. मला उतरायचंय.”

गाडी थांबली. एका अंगाला डोंगराचा चुरा, दुसऱ्या अंगाला नदीचं भलंमोठं पात्र. आप्पा खाली उतरले आणि दरवाजावर थाप मारली. “गडी माणसं समदी खाली या. दोरजे, तुम्ही बी.” आठ गडी आणि दोरजे उतरले. आप्पांनी त्यांना गाडीपासून पन्नास पावलं पुढे, रस्त्याच्या कडेला, नदीकडे तोंड करून एका ओळीत उभं केलं. “हितं उभं ऱ्हायचं. त्यो डोंगर बघायचा. मागं कुणी बघायचं न्हाई.”

“काय हाय आप्पा तिथं?”

“डोंगर हाय. दिसत न्हाई का?”

आणि स्वतःही पाठ करून उभे राहिले. इंदूआक्कांना कळायला क्षणभर लागला. मग त्यांनी आणि मी काकींना दोन्ही बाजूंनी धरून गाडीच्या मागे नेलं. परत आल्यावर काकींनी बाटली मागून घेतली आणि निम्मी एका दमात संपवली. मलाच “हळू” म्हणावं लागलं.

काझ्यापर्यंत गाडी आणखी तीनदा थांबली. प्रत्येक वेळी आप्पाच म्हणाले, “मला उतरायचंय.” तिसऱ्यांदा सुनील म्हणाला, “आप्पा, दौंडला गेल्यावर शुगर तपासून घ्या.”

“घेतो. तू डोंगर बघ.”

काझ्याच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं, इंजेक्शन दिलं, खाली न्या म्हणाले. खिंडीत नेलं असतं तर, असं मी विचारलं. “नेलं नाही ना?” त्यांनी उलट विचारलं आणि पुढच्या पेशंटकडे वळले. अंधार पडायच्या आत ताबोला पोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात पुन्हा रेघ ओढली. काकी टाच-अंगठा, टाच-अंगठा करत शेवटापर्यंत गेल्या आणि वळून परतही आल्या. न सांगता.

खिंड गेली म्हणून कुणी माझ्याशी भांडलं नाही. दोन दिवस ताबोत काढले. आप्पांनी त्या मटारवाल्या बाईच्या पाटाचा उगम बघून यायचं ठरवलं आणि सुनीलला घेऊन अर्धा डोंगर चढून गेले. येताना दोघंही लहान मुलांसारखे बोलत होते. वर बर्फाच्या जिभेखालून पाणी कसं निघतं, सकाळी करंगळीएवढं आणि दुपारी मांडीएवढं. खिंडीतून दिसणाऱ्या हिमनद्या मी शेकडो लोकांना दाखवल्या आहेत. त्यांतल्या कुणी इतकं नीट बघितल्याचं मला आठवत नाही.

तेव्हापासून माझ्या गाड्या उघड्या मुलखात दर तासाला थांबतात, कुणी म्हणो न म्हणो. बायका गाडीच्या मागे, गडी पन्नास पावलं पुढे, डोंगराकडे तोंड करून, दहा मिनिटं. नवे लोक आधी कुरकुरतात, मग आपोआप गप्प होतात. दहा मिनिटं दुसरं काही करता येत नसलं की माणसाला बर्फाची धार कुठे तुटते, सावली कशी सरकते, हे दिसायला लागतं. पूर्वी माझे लोक तो मुलूख खिडकीतून बघत, आणि फोनमधून.

त्या खेपेला आम्ही आल्या वाटेनेच परतलो. ताबो सोडून तासभर झाला होता. आप्पा पुढे बसले होते, बहुतेक “मला उतरायचंय” म्हणायच्या बेतात. मागून खणखणीत आवाज आला, ग्रामसेवकाला घाम फोडणारा असेल तोच.

“दोरजेदादा, गाडी थांबवा. मला जायाचंय.”

मग आप्पांनी दार उघडलं, उतरले, आणि मागोमाग सगळे गडी उतरून पुढे जाऊन ओळीत उभे राहिले. समोर एक सुळका होता, वीस हजार फुटांच्या वर सहज असेल, काळा, आणि माथ्याखाली बर्फाचा तिरपा पट्टा. त्याचं नाव मला माहीत नव्हतं. दोरजेला विचारलं तर तो म्हणाला, असे फार आहेत, कुणाकुणाला नाव देणार. आप्पा हात मागे बांधून बघत होते. त्या पट्ट्याच्या खालच्या टोकाला एक बारीक रेघ चकाकत होती. पाणी.

पाच-सात मिनिटांनी गाडीच्या मागून काकींनी हाक दिली, “झालं हो आमचं. चला.”

इंदूआक्का त्यांच्या शेजारीच होत्या, पण निरोप त्यांच्यातर्फे आला नव्हता.

आप्पांनी मान वळवली नाही. “थांब जरा, शकुंतला,” ते म्हणाले. “आमचं अजून बघून व्हायचंय.”